तारीख आणि तुकडा

 

विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल. स्त्रियांच्या स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरवर एक निवृत्त फौजी काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. मी नोएडात राहतो. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस नावाची आरोग्य योजना आहे, २००३ साली सुरू झालेली. पेन्शनर, त्यांच्या बायका, वीरपत्नी या सगळ्यांचे उपचार त्यातून होतात. पण पॉलिक्लिनिकचं रेफरल, हॉस्पिटलची मंजुरी, रिपोर्टची फाईल ही कामं अनेकांना जमत नाहीत. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या पट्ट्यात मराठी फौजी कुटुंबं बरीच आहेत. त्यांची ही कागदपत्रं लावून देणं हे निवृत्तीनंतर माझं काम झालं. फायली लावता लावता त्या वाचायची सवय लागली. काही अडलं की डॉक्टर मित्रांना विचारायचं. आज जे सांगणार आहे ते असं जमा झालेलं आहे, आणि बोलण्याआधी त्या मित्रांकडून तपासून घेतलेलं आहे.

आपल्या देशात स्त्रियांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचा. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण. त्याखालोखाल गर्भाशयाच्या मुखाचा, सुमारे १ लाख २७ हजार. त्यामुळे जागृतीची पोस्टर्स सगळीकडे लागलेली असतात. पोस्टरवर काय असतं? स्तनात न दुखणारी कडक गाठ. पन्नाशीची बाई. पाळी गेल्यावर रक्तस्राव. हे सगळं खरं आहे, आणि बहुतेक रुग्णांमध्ये असंच असतं.

पण मी ज्या फायलींबद्दल बोलणार आहे त्या पोस्टरमध्ये न बसणाऱ्या आहेत. गाठ नाही, तरी कॅन्सर. वय चौतीस, तरी कॅन्सर. आणि दुसऱ्या बाजूला, कॅन्सर नाही, तरी गर्भाशय काढून टाकलेलं. या सगळ्या फायलींमध्ये मला एकच गोष्ट दिसली. जिथे नुकसान झालं, तिथे निर्णय अंदाजावर घेतला होता. वयावरून अंदाज, वरवर पाहून अंदाज, नाहीतर भीतीपोटी अंदाज. आणि जिथे निभावलं, तिथे कोणीतरी दोन गोष्टींचा आग्रह धरला होता. एक, तारीख. म्हणजे हे औषध किती दिवस, आणि तोवर बरं वाटलं नाही तर पुढे काय. दुसरी, तुकडा. म्हणजे बायोप्सी. एवढं लक्षात राहिलं तरी आजचा तास सार्थकी लागला असं मी म्हणेन.

आता एकेक प्रकार घेऊ.

पहिला प्रकार, गाठ नसलेला स्तनाचा कॅन्सर. आमच्या पलटणीतल्या एका नायब सुभेदाराची पत्नी. वय ३४, बाळ सात महिन्यांचं, अंगावर पीत होतं. एका बाजूचा स्तन लाल झाला, सुजला, गरम लागायला लागला. दूध साचून जंतुसंसर्ग झाला असेल म्हणून जवळच्या एका दवाखान्यात अँटिबायोटिक दिलं. हे बरोबरच होतं, कारण अंगावर पाजणाऱ्या बाईला असं झालं तर बहुतेक वेळा तो जंतुसंसर्गच असतो. चुकलं ते पुढे. पहिल्या औषधाने उतरलं नाही, दुसरं दिलं. मग तिसरं. मग शेक आणि लेप. असे अडीच महिने गेले. तोवर कातडी जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळ्यांची दिसायला लागली, काखेत गाठी आल्या. रेफरल मिळालं, कातडीचा आणि आतला तुकडा काढला, आणि निदान झालं. इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर. दाहासारखा दिसणारा कॅन्सर.

सुभेदार साहेब माझ्यासमोर बसून म्हणाले, "सर, गाठ तर नव्हती. मग कॅन्सर कसा?"

त्याचं उत्तर असं, की यात कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या बारीक लसीकावाहिन्या बुजवतात. पाणी तुंबल्यासारखं होतं, म्हणून सूज आणि लाली. वेगळी गाठ हाताला लागतेच असं नाही, मॅमोग्राफीतही ती दिसेलच असं नाही. हा प्रकार दुर्मीळ आहे, स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये एक ते पाच. पण तो फार वेगाने वाढतो. निदान होतं तेव्हाच तो किमान तिसऱ्या टप्प्यात धरतात. म्हणून उपचारांचा क्रमही वेगळा. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन. अशा आजारात अडीच महिने म्हणजे फार मोठा काळ. त्या वहिनी तीन वर्षं झुंजल्या. शेवटपर्यंत घर, मूल, स्वतःच्या हाताने स्वयंपाक, सगळं केलं. आज त्या नाहीत.

अडीच महिने आधी कळलं असतं तर वाचल्या असत्या का? ते सांगता येत नाही. पण त्यांना संधी जास्त मिळाली असती, एवढं नक्की. आणि त्यासाठी लागली असती फक्त एक तारीख. "आठ-दहा दिवसांत सूज उतरली नाही तर परत या, आपण तुकडा तपासू." फौजेत कोणत्याही आदेशात वेळ लिहिलेली असते. वेळ नसलेला आदेश आम्ही आदेश मानत नाही. औषधाच्या चिठ्ठीलाही हाच नियम लावा. डॉक्टरांनी तारीख दिली नाही तर आपण विचारायची: "डॉक्टर, कधीपर्यंत वाट बघायची?" यात उद्धटपणा काही नाही.

दुसरा प्रकार, खरूज किंवा एक्झिमा समजलेला कॅन्सर. लंडनचे सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली काही रुग्णांबद्दल लिहिलं. त्या बायकांच्या स्तनाग्रावरची कातडी लाल, ओलसर, खपल्या धरणारी झाली होती. मलमांनी बरी होत नव्हती. आणि पुढे त्यांच्या स्तनात कॅन्सर निघाला. आजही याला पॅजेटचा आजार म्हणतात. शंभरात एक ते चार असं प्रमाण.

गाझियाबादच्या एका हवालदाराच्या पत्नीला, वय ५८, हेच झालं. वर्षभर मलम लावत होत्या. मलमात स्टेरॉइड असलं की थोडे दिवस बरं वाटतं, खाज कमी होते, आणि बाई निश्चिंत होते. ओळखायची खूण काय? साधा एक्झिमा बहुधा भोवतालच्या काळ्या वर्तुळावर सुरू होतो, आणि अनेकदा दोन्ही बाजूंना असतो. पॅजेट बहुधा एकाच बाजूला असतो आणि स्तनाग्रापासून सुरू होऊन बाहेर पसरतो. पण या खुणा पक्क्या नाहीत. पक्कं सांगतो तो तुकडा. कातडीचा अगदी छोटा तुकडा, जागा बधिर करून काढतात, बाई त्याच दिवशी घरी येते. या वहिनींच्या बाबतीत आतला आजार दुधाच्या नळ्यांपुरताच होता, बाहेर पसरला नव्हता. शस्त्रक्रिया झाली. त्या आज ठणठणीत आहेत आणि दर दिवाळीला माझ्याकडे चकल्या पाठवतात.

आता गर्भाशयाकडे येऊ. आधी एक फरक. गर्भाशयाचं मुख वेगळं आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर वेगळं. दोन्हींचे कॅन्सर वेगळे, कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या. मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो. त्याची तपासणी करून तो आधीच पकडता येतो, आणि याचा जगाला दिलेला एक मोठा पुरावा आपल्या मराठवाड्यातला आहे. तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी आणि गरज पडल्यास उपचार, एवढ्यानेही पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्या बायकांनी आपल्या जिल्ह्यात हे करून दाखवलं त्यांचं नाव कुठल्या स्मारकावर नाही, पण जगभरातल्या तपासणीच्या नियमांमागे त्या उभ्या आहेत. दिल्लीच्या आसपास राहणाऱ्यांसाठी सांगतो, नोएडाच्या सेक्टर ३९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची कॅन्सर प्रतिबंधासाठीची राष्ट्रीय संस्था आहे. ती कॅन्सर लवकर पकडण्याच्या याच कामासाठी आहे.

अस्तराच्या कॅन्सरला मात्र निरोगी बाईने दरवर्षी करावी अशी सर्रास चाचणी नाही. तिथे शरीर स्वतः इशारा देतं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसणं. हा कॅन्सर झालेल्या दर दहांपैकी नऊ बायकांना हा इशारा मिळालेला असतो. उलट बाजूही ऐका. ज्यांना असा रक्तस्राव होतो त्या शंभर जणींपैकी साधारण नऊ-दहा जणींनाच कॅन्सर निघतो, बाकी नव्वद जणींना दुसरं साधं कारण असतं. म्हणजे दुर्लक्ष करायचं नाही आणि हादरायचंही नाही.

पण इशारा मिळतो आणि बाई गप्प बसते. का? एक वीरपत्नी होत्या, वय ६१. पॉलिक्लिनिकला त्यांना मुलगा घेऊन यायचा. गुडघे दुखतात, बीपी आहे, हे त्या सांगायच्या. चार महिने अधूनमधून डाग लागत होते, ते सांगितलंच नाही. नंतर माझ्या पत्नीला म्हणाल्या, "मुलासमोर कसं बोलू हो वहिनी? तो तर आतच येऊन बसतो." मुलगा गुणी. आईची काळजी म्हणून आत बसायचा. त्याच्या काळजीमुळेच आईचं तोंड बंद झालं. ऐकणाऱ्या सगळ्या मुलांना, नवऱ्यांना माझी विनंती आहे. आई-बायकोला दवाखान्यात न्या, केसपेपर काढा, पैसे भरा, आणि मग पाच मिनिटं बाहेर बसा.

त्यांची सोनोग्राफी केली. पाळी गेलेल्या बाईच्या अस्तराची जाडी चार मिलिमीटरपर्यंत असली तर साधारणपणे चिंता नसते. त्यांची तेवढीच होती. सगळे म्हणाले, चला, सुटलो. पण पंधरा दिवसांनी परत रक्त. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "अस्तर पातळ असलं तरी रक्त पुन्हा आलंय. मी तुकडा घेणार." आणि त्या तुकड्यात सीरस नावाचा, पातळ अस्तरातही वाढू शकणारा, जास्त आक्रमक कॅन्सर निघाला. पोस्टरमध्ये न बसणारा म्हणतो तो असा. मशीनचा आकडा चांगला आहे म्हणून त्या डॉक्टर थांबल्या नाहीत, हे त्या वीरपत्नीचं भाग्य. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली, आता दर तपासणीला त्या सुनेबरोबर जातात.

याच प्रकारात तरुण मुलीही येतात. पाळी चार-चार महिने येत नाही, मग वीस-वीस दिवस थांबत नाही, वजन जास्त, पीसीओएस आहे, मधुमेह आहे. वय कमी आहे म्हणून कॅन्सरचा विचारच कोणी करत नाही. अशा मुलींमध्ये अस्तर वर्षानुवर्षं वाढत राहतं आणि क्वचित त्याचं रूप बदलतं. क्वचितच, पण बदलतं. उपचार करूनही रक्तस्राव थांबत नसेल तर तिशीतही तुकडा तपासण्याबद्दल विचारायला हवं.

तिसरा प्रकार फायब्रॉइडचा. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी अनेक बायकांना असतात आणि जवळजवळ सगळ्या साध्या असतात. पण शेकडो शस्त्रक्रियांमध्ये एखादीत ती गाठ सार्कोमा, म्हणजे स्नायूचा कॅन्सर निघते. आधी ओळखणं अवघड असतं. अमेरिकेत २०१३ मध्ये डॉ. एमी रीड या स्वतः भूलतज्ज्ञ असलेल्या बाईंच्या फायब्रॉइडची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. छोट्या छिद्रातून काढता यावं म्हणून यंत्राने पोटातच गाठीचे बारीक तुकडे केले. नंतर रिपोर्ट आला की तो कॅन्सर होता, आणि तुकडे करताना तो पोटभर पसरला होता. त्या आणि त्यांचे पती यांनी मोठी लढाई दिली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्या यंत्राबद्दल इशारा दिला, सुमारे साडेतीनशे बायकांमागे एकीला असा न कळलेला सार्कोमा असू शकतो असा अंदाज सांगितला. डॉ. रीड २०१७ मध्ये गेल्या.

यातून आपण काय घ्यायचं? फायब्रॉइडला घाबरायचं नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रियाही वाईट नाही. पण शस्त्रक्रियेआधी विचारायचं, गाठ पोटात कापणार का, आणि कापली तर पिशवीत ठेवून कापणार का. आणि नंतर विचारायचं, काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे गेला का. हा दुसरा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. छोट्या नर्सिंग होममध्ये काढलेलं गर्भाशय बादलीत नातेवाइकांना दाखवतात आणि संपलं. रिपोर्टच नसतो. दोन वर्षांनी काही उद्भवलं तर पुढच्या डॉक्टरांच्या हाती पुरावा शून्य.

पुराव्याचा विषय निघालाय तर फायलीतली एक गोष्ट सांगून टाकतो. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर घेतात, त्या स्लाइड्स. रुग्ण लातूरहून मुंबईला जावो की नोएडाहून एम्सला किंवा झज्जरच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत, मोठी हॉस्पिटलं ब्लॉक आणि स्लाइड्स मागतात, कारण त्यांचे पॅथॉलॉजिस्ट त्या स्वतः पुन्हा वाचतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याच ठोकळ्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या चाचण्या होतात आणि त्यावर औषध ठरतं. म्हणून पहिल्या हॉस्पिटलमधून निघतानाच ब्लॉक मागून घ्या. कागदाची फाईल हरवली तर दुसरी निघते, ब्लॉक हरवला तर पुन्हा बायोप्सी करावी लागते.

आता मी स्वतःच माझ्या नियमाला अपवाद सांगतो. एक कॅन्सर असा आहे जिथे तुकडा घ्यायला डॉक्टर नको म्हणतात. कोरिओकार्सिनोमा. हा गर्भधारणेतून, वारेच्या पेशींतून होतो. पुष्कळदा आधी द्राक्षगर्भ झालेला असतो, म्हणजे गर्भाऐवजी द्राक्षाच्या घोसासारखी वाढ. पण कधी गर्भपातानंतर, कधी अगदी नीट बाळंतपणानंतरही होतो. त्यात रक्तवाहिन्या इतक्या असतात की सुई लावली तर भयंकर रक्तस्राव होऊ शकतो. मात्र तिथेही अंदाज चालत नाही. बीटा एचसीजी नावाचं गर्भधारणेचं संप्रेरक रक्तात मोजतात, आणि ते उतरतंय की चढतंय यावर निर्णय होतो. म्हणजे पुरावा लागतोच, फक्त तो रक्तातून मिळतो. द्राक्षगर्भ काढल्यावर ही तपासणी ठरलेल्या तारखांना करत राहायची असते. बाई बरी वाटते म्हणून ती सोडून देतात, तिथे घात होतो.

आणि याच कॅन्सरची एक अभिमानाची गोष्ट. केमोथेरपीने बरा झालेला, गाठीच्या स्वरूपातला पहिला कॅन्सर हाच. अमेरिकेत १९५६ मध्ये मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट देऊन तो बरा करून दाखवला. मेथोट्रेक्सेट ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. ते १९४८ मध्येच गेले, हे यश त्यांनी पाहिलं नाही. एके काळी हमखास मृत्यू समजला जाणारा हा आजार आज वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक बायकांमध्ये पूर्ण बरा होतो, आणि अनेकींना पुढे मुलंही होतात.

चौथा प्रकार घराण्याचा. १८९५ साली मिशिगनमध्ये पॉलीन ग्रॉस नावाची शिवणकाम करणारी बाई डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना म्हणाली की मी लवकर मरणार, आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर बायकांच्या आजारानेच जातात. वॉर्थिननी तिची समजूत काढून विषय सोडला नाही. तिच्याकडून घराण्याची माहिती जमवली आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. ती खरोखरच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी हाच धागा पकडला, आज त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. एकाच जनुकातल्या दोषामुळे घरात कोणाला आतड्याचा तर कोणाला गर्भाशयाचा कॅन्सर होतो. स्तनाच्या बाबतीत बीआरसीए ही जनुकं. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी पहिल्या जनुकाचा ठाव दाखवला.

आपल्याकडे डॉक्टरांनी घराण्यात कोणाला होतं का विचारलं, की बाई फक्त माहेरच्या बायका आठवते. आई, मावशी, आजी. पण ही जनुकं बापाकडूनही येतात. आत्याला स्तनाचा कॅन्सर, काकांना कमी वयात आतड्याचा, हेही सांगायला हवं. शंभरात एक स्तनाचा कॅन्सर पुरुषाला होतो, त्या पुरुषाच्या मुलींनी तर आवर्जून सल्ला घ्यावा. घरात एका कागदावर तीन पिढ्या लिहून काढा: कोण, कोणता आजार, कोणत्या वयात. आपण सोयरिकीसाठी कुळी पाहतो, हीही एक कुळीच आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. आतापर्यंत उशीर झालेल्या फायली सांगितल्या. घाईच्या फायली तेवढ्याच आहेत. बाईला अंगावरून पांढरं जातंय, पाळीला त्रास होतोय. कोणीतरी सांगतं, "पिशवी खराब आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." तपासणी नाही, तुकडा नाही, आणि पस्तिशीत गर्भाशय गेलं. सोबत अंडाशयंही काढली असतील तर पस्तिशीतच पाळी बंद होण्याचे सगळे परिणाम, हाडं ठिसूळ, अंगाची आग. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. राज्य सरकारच्या समितीसाठी ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. फडात पाळीमुळे खाडा झाला की दंड, मुकादमाची उचल फेडायची, आणि वरून कॅन्सरची भीती. कोयता थांबू नये म्हणून अवयव गेला.

हे फक्त गरिबांचं नाही. दिल्लीतल्याच एका खटल्यात १६ जानेवारी २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. १९९५ मध्ये ४४ वर्षांची एक बाई रक्तस्रावाचं कारण शोधण्यासाठी दुर्बिणीच्या तपासणीला गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशयं काढली. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. जीव वाचवण्याची तातडी नसेल तर सज्ञान बाईची संमती तिचीच हवी. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये अनावश्यक गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत, असा आदेशही आला. म्हणून भगिनींनो, सही करण्याआधी विचारा: तुकड्यात काय निघालं? दुसरा इलाज आहे का? अंडाशयं ठेवणार की काढणार? आणि आठ दिवस थांबलं तर चालेल का? खरी तातडी असेल तर डॉक्टर कारण सांगतील.

प्रश्न लिहून आलेत. तीन घेतो.

कोल्हापूरहून विचारलंय, "सुई लावली की कॅन्सर चवताळतो आणि पसरतो, खरं का?" मी हा प्रश्न मेजरपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या घरी ऐकला आहे. स्तनाच्या सुईच्या बायोप्सीने आजार बळावतो असं नाही. जगभर रोज हजारो बायोप्सी होतात आणि उपचार त्यावरच ठरतात. काही अवयवांत कुठून आणि कशी सुई घालायची याचे नियम आहेत, ते तज्ज्ञ पाळतात. सुईच्या भीतीने वाया गेलेल्या महिन्यांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं सुईने केलेलं मी एकाही फाईलमध्ये पाहिलेलं नाही.

भोपाळहून, "स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू आहे. त्याने गर्भाशयाचा कॅन्सर होतो असं वाचलं. गोळी बंद करू का?" नाही. स्वतःच्या मनाने अजिबात नाही. पाळी गेलेल्या बायकांमध्ये त्या गोळीने गर्भाशयाच्या अस्तराचा धोका थोडा वाढतो, हे खरं. पण स्तनाचा कॅन्सर परत येऊ न देण्यात तिचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. तुमचं काम एवढंच, की रक्ताचा एक डाग दिसला तरी त्याच आठवड्यात सांगायचं.

आणि पुण्याहून एका मुलीने विचारलंय, "आई काही सांगतच नाही. काय करू?" बाळ, "काही त्रास आहे का" असं मोघम विचारू नकोस. त्याला आयांचं उत्तर एकच, "काही नाही गं." नेमकं विचार. पाळी गेल्यावर कधी डाग दिसला का? छातीची कातडी, रंग, आकार यात एका बाजूला काही बदललंय का? एखादं मलम किंवा गोळी तीन आठवड्यांहून जास्त चालू आहे का, आणि ती कशासाठी? यातल्या एकाला जरी "हो" आलं, तर पुढच्या सोमवारची वेळ घे. आणि आत तू जा, भावाला बाहेर बसव.